ताप नसल्याच्या चिठ्ठ्या

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गाळ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डब्यावर मी एक चिठ्ठी चिकटवायचो. स्वयंपाक करणाऱ्याचं तापमान, पोळ्या करणाऱ्याचं तापमान, डबा भरणाऱ्याचं तापमान. खाली तारीख आणि माझी सही. डबे भरणारा मीच, त्यामुळे तिसरा आकडा माझा स्वतःचा असायचा. मोठ्या हॉटेलांच्या पार्सलवर अशा चिठ्ठ्या येतात हे मी पाहिलं होतं. तिथे तो आकडा खरंच कुणी मोजतं का, याची मला शंका होती. आमच्याकडे मोजल्याशिवाय लिहायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं.

गाळा बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, आम्ही राहतो त्याच इमारतीच्या तळमजल्यावर. पोळी-भाजी केंद्र माझ्या बायकोने आणि थोरल्या बहिणीने मिळून सुरू केलेलं. बहिणीला मी अक्का म्हणतो, म्हणून सगळेच अक्का म्हणतात. मेहुणे गेल्यावर ती रायगडातलं घर बंद करून आमच्याकडे राहायला आली. सुरुवातीला दिवसभर गॅलरीत बसून असायची. केंद्र सुरू झाल्यावर ती पुन्हा पूर्वीसारखी मोठ्याने बोलायला लागली, हे मी पाहिलेलं आहे. तिच्या हातचं डाळिंब्यांचं बिरडं खायला बदलापूर पश्चिमेहून माणसं यायची.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आलेल्या मालाचं वजन, जाडी आणि ओलावा मोजायचा, आकडा लिहायचा, बसत नसेल तर माल परत पाठवायचा. हे आयुष्यभर केलं. आपल्या आवडीचा आकडा यावा म्हणून काटा हलत नाही, एवढंच त्या कामाने मला शिकवलं. त्या दिवसांत कारखाना अर्ध्या माणसांवर चालायचा आणि माझी पाळी दुपारची असायची. सकाळचा वेळ मी गाळ्यात घालवायचो.

चौथं माणूस म्हणजे पोळीवाल्या ताई. त्या अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायच्या. पहिल्या लाटेत त्यांनी येणं बंद केलं होतं. नवऱ्याला पूर्वी क्षय झालेला, त्यातून तो वाचला, पण एका बाजूचं फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं. गोदामातलं हमालीचं काम सुटलं आणि तो घरीच होता. डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं की या माणसाला हा आजार झाला तर आमच्या हातात काही नाही.

दुसऱ्या लाटेच्या तोंडावर बायकोने त्यांना पुन्हा बोलावलं तेव्हा त्या आधी बोलायला म्हणून आल्या. गाळ्यात शिरल्या नाहीत. पायरीच्या खाली उभं राहून त्यांनी मला एकेक विचारलं. घरातलं कोण कोण बाहेर जातं, कारखान्यात मी कुठे बसतो, डबा न्यायला येणारी माणसं आत येतात का. सगळ्याची उत्तरं घेतल्यावर म्हणाल्या, "दादा, माझं सोडा. यांना झालं तर हे राहत नाहीत. तुमच्या घरात कुणाला साधं अंग मोडून आलं तरी मला आधी सांगाल?"

मी म्हणालो, "सांगेन. त्याच दिवशी. तुम्ही घरातून निघायच्या आधी."

बायको आणि अक्का माझ्या मागेच उभ्या होत्या. अक्का हसून म्हणाली, "अगं, आमच्या ह्याची काळजी नको. आम्हाला उचकी लागली तरी हा वेळ लिहून ठेवील."

ताईही हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून यायला लागल्या.

मी तयारी नीट केली होती. उल्हासनगरच्या बाजारात जाऊन जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं, दुकानाच्या तोंडाशी त्याचा पडदा लावला आणि खाली डबा सरकवण्यापुरती फट ठेवली. ते प्लास्टिक देणारा सिंधी व्यापारी मला चांगला ओळखतो. मापं घेताना मी टेप दोनदा धरली म्हणून तो म्हणाला, "साईं, करोना क्या फूटपट्टी लेके आएगा?" मी म्हटलं, तो फट बघून येतो. त्याने फूटभर प्लास्टिक वर फुकट दिलं.

ताई आल्या की चपला बाहेर, हात धुणं, इथेच ठेवलेला दुसरा गाऊन, मग मास्क. त्यांचा तवा खिडकीशी, अक्काची शेगडी समोरच्या भिंतीला. मधे मी जमिनीवर रंगाची रेघ मारली होती. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. ताप मोजायची बंदूक आणली तीसुद्धा आमच्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरशी ताडून पाहिली. ती थोडी कमी दाखवायची, म्हणून मी तेवढं मिळवून लिहायचो. बायको म्हणायची, "ह्यांचा विषाणूपेक्षा त्या बंदुकीवर जास्त राग आहे."

एकाच नियमाला मी सूट दिली होती.

आमच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न कुणी चाखत नाही. आईने ते पाळलं आणि अक्काने आईपेक्षा कडक पाळलं. केंद्रातल्या स्वयंपाकालाही तिने तोच नियम लावला. पहिली वाटी वर देव्हाऱ्यात जाणार, मग डबे भरायचे. म्हणजे डबे भरेपर्यंत आमटीत मीठ बरोबर पडलंय की नाही हे जिभेवर बघायची सोय नाही. अक्का ते वासावरून ओळखायची. पातेल्यावरचं झाकण काढायचं, वाफेवर वाकायचं, एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि सांगायचं, "अर्धा चमचा कमी आहे." मोजमापाच्या माणसाला हे पटायला जड जातं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अक्का माहेरपणाला आली होती, तेव्हा बायकोने आणि मी तिला न सांगता एकदा आमटी आळणी ठेवून पाहिली होती. अक्काने झाकण काढलं आणि नुसती आमच्याकडे बघत राहिली. त्यानंतर मी शंका घेतली नाही.

मास्क लावून वास येत नाही. तेव्हा मीठ बघण्यापुरता तिने मास्क खाली करायचा, असं आम्ही ठरवलं. तयार पातेली निवायला ठेवायची ती खिडकीखालच्या ओट्यावर, कारण पंखा तिथे होता. आणि ताईंचा तवाही तिथेच होता. म्हणजे दिवसातून जितकी पातेली, तितक्या वेळा अक्का रेघ ओलांडून ताईंच्या शेजारी मास्क खाली करून उभी राहायची. ही गोष्ट मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. ती नैवेद्याची गोष्ट होती, म्हणून मी तिच्याकडे धोका म्हणून पाहिलंच नाही.

तक्रारी सुरू झाल्या त्या मिठाच्या. आधी मागच्या इमारतीतल्या एका बाईंनी सांगितलं की आमटी खारट लागली. मग दुसऱ्या दिवशी तीच आमटी आळणी. मी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मिठाची पुडी बदलली आहे, अंदाज चुकतोय. मी दोन्ही पुड्या बघितल्या. खरंच वेगळ्या होत्या. माझं समाधान झालं.

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा. त्यांनी फोन करून मला सुनावलं. म्हणाले, "तुम्ही तिघांचा ताप लिहिता, छान करता. चौथ्या ओळीत मीठ किती घातलंय तेही लिहा, म्हणजे मी त्या हिशोबाने ताकाची सोय करीन." मी त्यांची माफी मागितली. घरी हा विनोद सांगितला तेव्हा बायको हसली आणि अक्का काही बोलली नाही. मला वाटलं, तिच्या हाताला नाव ठेवलं म्हणून तिला लागलं असेल. मी तिची समजूतही घातली.

सोमवारी ताई पोळ्या आटोपून नुकत्याच निघाल्या होत्या. दुपारच्या शेवटच्या डब्यांसाठी अक्का फोडणी करत होती आणि मी पडद्याशी बसून चिठ्ठ्या लिहीत होतो. लसूण जळल्याचा वास आला. वास म्हणजे धूरच. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी आत पाहिलं तर अक्का कढईपाशी उभी राहून शांतपणे कोथिंबीर चिरत होती. आमच्या समोरच्या घरात दूध करपलं तर वरच्या मजल्यावरून ओरडून सांगणारी ही बाई.

"अक्का, लसूण जळतोय."

तिने कढईत पाहिलं, "हो की," म्हणाली आणि गॅस बारीक केला.

मी उठलो. हिंगाच्या डबीतला चिमूटभर हिंग मुठीत घेतला आणि मूठ तिच्या नाकाशी धरली. मास्क काढून कसला वास येतोय ते सांग म्हणालो. ती म्हणाली, पोरांचे खेळ नकोत, मला काम आहे. मी मूठ खाली घेतली नाही. शेवटी तिने मास्क खाली केला, श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हळद."

मोरीपाशी बायको भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"नाही येत त्यांना वास," ती म्हणाली. "गुरुवारपासून नाही येत."

मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. तिने काही लपवलं नाही आता. अक्काचं अंग आधी दुखायला लागलं, मग ताप. बायकोनेच मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या. "तुमची बंदूक यायच्या आधी अर्धा तास त्यांना गोळी द्यायचे," ती म्हणाली. माझी मोजायची वेळ ठरलेली होती, त्यामुळे गोळीची वेळ ठरवणं तिला सोपं गेलं. मी घेतलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. त्यात काहीच खरं नव्हतं.

मी अक्काला विचारलं, "मग रोज मास्क खाली करून पातेल्यावर कशाला वाकत होतीस?"

ती म्हणाली, "तू बघत होतास ना."

हे वाक्य तिने कुत्सितपणे म्हटलं नाही. सरळ कारण सांगावं तसं सांगितलं. वास येत नसलेली बाई, मीठ कळत नसलेली बाई, रोज त्या खिडकीशी उघड्या नाकातोंडाने उभी राहत होती, कारण न राहिली असती तर मला संशय आला असता. शेजारी पोळ्या लाटणाऱ्या बाईला शब्द दिलेला माणूस मी होतो, आणि हे सगळं मला दाखवायला चाललं होतं.

अक्काला भीती होती. ती मला त्याच दिवशी कळली आणि अजूनही कळते. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना रुग्णवाहिकेने नेलं ते घरच्यांनी पुन्हा पाहिलंच नाही. अक्का म्हणाली, मला मरायचं तर इथे मरू दे, तिकडे अनोळखी माणसांत नको. मी तिला वरच्या खोलीत ठेवलं असतं, मला कुणाकडे पाठवायचं नव्हतं. पण तसं सांगायची संधी मला कुणी दिली नाही. तिने माझ्या बायकोवर विश्वास ठेवला आणि बायकोने तिच्यावर. त्या दोघींत ते ठरलं. मी सकाळी बंदूक घेऊन खाली यायचो तेव्हा दोघी माझ्याकडे बघून कपाळ पुढे करायच्या.

बायको वेगळं बोलली. तिला वाईट वाटत होतं, पण ती खाली बघून बोलली नाही.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"गाळा बंद केला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तिचं म्हणणं असं होतं की सगळीकडे माणसं आजारी आहेत, सगळे काम करतायत, कात्रपमध्ये एकच पोळी-भाजी केंद्र आपल्या घरातला ताप गिऱ्हाइकांना सांगत सुटणार आणि मग कायमचं बंद पडणार. अक्का आता बऱ्याच होत आल्या. दोन दिवस ताईंना काहीतरी कारण सांगून येऊ नका म्हणू. बुवापाड्यात बातमी गेली की अंबरनाथ-बदलापूरला पोचायला वेळ लागत नाही.

मी म्हणालो, मी त्यांना शब्द दिलाय.

"शब्द तुम्ही दिलात," बायको म्हणाली. "आम्ही कुठे दिला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. भांडणं झाली, अबोले झाले. घरात माझ्या बाजूला एकटा मी आहे असं मला त्या दुपारपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

मी स्वतः आजारी माणसांच्या घरात होतो, तेव्हा बुवापाड्यात जाणं बरोबर नव्हतं. फोन केला. ताईंचा फोन त्या घरीच ठेवायच्या, नवऱ्याला काही लागलं तर असावा म्हणून. तो त्यानेच उचलला. मी त्याच्याशी पूर्वी कधी बोललो नव्हतो. तो दोन-तीन शब्द बोलून थांबायचा, दम घ्यायचा, पुढचे शब्द बोलायचा. म्हणाला, ती रिक्षात असेल, पोचेल आता. मी विचार केला की ताई येईपर्यंत थांबावं. मग वाटलं, ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तोच फोनवर आहे. मी त्याला सांगितलं. अक्का पॉझिटिव्ह असणार, ताईंना वेगळं झोपवा, तुम्ही दोघांनी घरातही मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

तो म्हणाला, "पण दादा, चिठ्ठी तर रोज येते."

आमच्याकडून निघताना मी ताईंना दोघांपुरता डबा द्यायचो. इतर सगळ्या डब्यांसारखी त्याच्यावरही चिठ्ठी असायची. तो सांगत होता की त्याचा तिला कामावर पाठवायला विरोध होता. रोज घरी पोचली की ती आधी चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. तो वाचायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाऊ द्यायचा.

 

थोड्या वेळाने ताईंचा फोन आला. नवऱ्याने त्यांना दारातच सांगितलं असावं, कारण मागून गल्लीचा आवाज येत होता.

"दादा, तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"हो."

"आणि तुम्हाला कळलं नाही?"

"नाही कळलं. आज कळलं."

"रोज मोजत तर होता," त्या म्हणाल्या.

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर माझाही बसला नसता. खरं सांगून झाल्यावर ते पटवायला माझ्याकडे आणखी काही उरलेलं नव्हतं.

गाळा मी त्याच दिवशी बंद केला आणि डबा नेणाऱ्या प्रत्येकाला एकेक फोन करून कारण सांगितलं. पोस्टातले आजोबा म्हणाले, सांगितलंत हे बरं केलंत. एका बाईंनी फोन आपटला. आमच्या तपासण्या झाल्या, अक्का आणि बायको पॉझिटिव्ह आल्या आणि नंतर मीही. आम्हाला तिघांनाही फारसा त्रास झाला नाही. अक्का वरच्या खोलीत राहिली. मी दाराशी ताट ठेवायचो, ती आतून "ठेव" म्हणायची. आमच्यात तेवढंच बोलणं होतं.

आमच्याकडचं बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र मी निर्जंतुक करून एका रिक्षावाल्याच्या हाती बुवापाड्याला पाठवलं होतं. ताईंनी ते ठेवून घेतलं. त्यांना ताप आला, तो उतरला. मग नवऱ्याला आला. तेव्हापासून संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, विचारपूस नाही, फक्त आकडा सांगायच्या. आकड्याचं काय करायचं हे त्यांच्या ओळखीत सांगणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या मला फोन करायच्या. ज्याच्यावर विश्वास राहिला नाही त्यालाच विचारायची वेळ त्यांच्यावर आली होती. चौऱ्याण्णव होते तोवर मी पालथं झोपवायला सांगितलं. ब्याण्णव झाले तेव्हा खाट शोधायला लागलो. अंबरनाथला नव्हती, बदलापूरला नव्हती. शहाडच्या बाजूच्या एका रुग्णालयाने उद्या बघू म्हणून सांगितलं. कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने अखेर उल्हासनगरला मिळाली. त्यांनी एकोणनव्वद सांगितलं तेव्हा मी म्हणालो, आता निघा, काही बरोबर घेऊ नका.

तो वाचला. डॉक्टरांनी आधी म्हटलं होतं तसं झालं नाही, पण फार फरकही राहिला नाही. घरी आल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत जायला त्याला मधे बसावं लागतं, असं मला नंतर कळलं. पूर्वी तो नाक्यावर जाऊन चहा पिऊन यायचा.

आमच्या घरी त्यावर एक वाक्य ठरलं. "रिक्षातूनही आलं असेल." बायको ते म्हणते, अक्का मान हलवते. मी ते खोडत नाही, कारण खोडता येत नाही. त्या दिवसांत त्या शेअर रिक्षात किती माणसं खोकत बसली होती ते कुणाला माहीत? पुरावा मागितला तर माझ्याकडे नाही. पण आपल्याला कधीच मोजता येणार नाही अशा गोष्टीच्या आड आपलीच माणसं किती निवांत बसू शकतात, हे मी रोज जेवताना समोर बघत होतो.

केंद्र पुढे पुन्हा सुरू झालं. अक्काला वास परत आला, पण अर्धवट. आता ती मीठ मापाच्या चमच्याने घालते. पोळ्यांना दुसरी बाई ठेवली, ती टिकली नाही. तिसऱ्या लाटेची बोलणी सुरू झाली त्या सुमाराला बायकोने ताईंना फोन केला. मला त्याची कल्पना नव्हती. मला कळलं ते ताईंचाच फोन आला तेव्हा. मी कारखान्याच्या फाटकाशी होतो.

किती महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकत होतो. नवऱ्याच्या तब्येतीचं मी विचारलं, त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "वहिनींनी बोलावलंय. म्हणाल्या, सगळे बरे आहेत, सगळे नियम आधीसारखेच आहेत. मला कामाची गरज आहे दादा, यांच्याच्याने आता काही होत नाही. मी वहिनींना काही बोलले नाही. म्हटलं तुम्हाला विचारते. येऊ का?"

मधल्या काळात त्यांचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसला होता. कसा, ते मला माहीत नाही. कदाचित त्या संध्याकाळच्या फोनांमुळे. मला फार बरं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की आता मला काय सांगावं लागणार आहे. घरातले सगळे बरे होते. त्या सकाळी तरी मला तसं दिसलं होतं. अक्का खोकली नव्हती, बायको नेहमीसारखी वावरत होती. पण असंच मला पूर्वीही दिसलं होतं. त्यांचं घर माझ्या एका शब्दावर चालणार होतं, आणि तो शब्द माझ्या घरात किती टिकतो हे मी पाहिलेलं होतं.

"ताई," मी म्हणालो, "माझ्यापुरतं मी सांगू शकतो. मी बरा आहे. घरातल्यांचं मी नाही सांगू शकत."

"का, कुणी आजारी आहे?"

"माहीत नाही. असलं तर मला सांगतील असं नाही."

त्या म्हणाल्या, "बरं. मग नाही येत." आवाजात राग नव्हता. फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "तुम्ही जपा, दादा."

नंतर त्यांनी बुवापाड्यातच घरातून पोळ्या करून द्यायला सुरुवात केली. तिथे कोण आत येतं, कोण नाही, हे त्या स्वतः ठरवतात.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा बायको गवार मोडत बसली होती. तिने विचारलं, बुवापाड्याहून फोन आला होता का तुम्हाला? काय म्हणाली ती?

मी जे बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. अक्का आतल्या खोलीत होती, तिनेही ऐकलं असणार. बायकोचे हात थांबले.

"घरातल्यांचा भरवसा नाही, असं तुम्ही बाहेरच्या बाईला सांगितलंत?"

"हो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी पुढे बोलेन, थोडं मागे घेईन, असं तिला वाटत असावं. मी हात धुवायला मोरीकडे गेलो. परत आलो तेव्हा ती गवार तशीच टाकून आत अक्काजवळ जाऊन बसली होती, आणि दोघींचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मी दारात आलो तसं ते थांबलं.